बनेश फेणे, मुक्काम पोस्ट घोटी

आमच्या घोटीत लहानपणी गोष्टीचं पुस्तक शेवटपर्यंत वाचायला मिळणं हा नशिबाचा भाग होता. इगतपुरी तालुक्यातला पाऊस जूनमध्ये येतो आणि गणपती गेले तरी त्याचा पाय निघत नाही. शाळेतल्या लाकडी कपाटाला कुलूप असायचं, पण ओल काही किल्ली मागत नाही. पुस्तकं फुगायची, पानं एकमेकांना चिकटायची, बांधणीची खळ झुरळांच्या पोटात जायची आणि या सगळ्यात पहिला बळी पडायचा तो शेवटचा फर्मा. मधली पानं शिवणीत कशीबशी तग धरून राहायची. शेवटची सोळा मात्र कुणाच्या तरी दप्तरात, नाहीतर गटारातल्या होडीत. त्यामुळे फास्टर फेणे चोरांच्या तावडीत सापडला, इथपर्यंत सगळ्या घोटीला ठाऊक असायचं. तो सुटला कसा, हे सांगणारा पोरगा बहुधा मामाकडे नाशिकला जाऊन आलेला असायचा, आणि तो ते फुकट सांगायचा नाही.

पण सुटला तर पाहिजेच. मग ते काम आम्हीच अंगावर घेतलं.

माझे वडील भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. गोदामात पोत्यांची थप्पी पार पत्र्याला टेकलेली असे. तिच्यावर चढून बसलं की खालून कुणाला दिसत नसू, आणि पाऊस पत्र्यावर असा कोसळायचा की आमची भांडणंही खाली ऐकू जायची नाहीत. वडिलांचा समज असा, की पोरं पोती मोजताहेत. आम्ही बनेशला सोडवत असायचो. आमच्यात एका हमालाचा मुलगा होता. त्याचा शेवट ठरलेला : "तेवढ्यात ट्रक येतो." गुहा असो, काश्मीरचं खोरं असो, विमान असो, तेवढ्यात ट्रक येतो. मुंबई-आग्रा रोडच्या कडेला वाढलेल्या पोराला ट्रक येऊ शकत नाही अशी जागा जगात असते, हे पटणंच शक्य नव्हतं. गिरणीमालकांच्या मुलीच्या गोष्टीत चोर "चुकलो" म्हणायचा आणि मग सगळे जेवायला बसायचे. कोण कुठं बसलं आणि ताटात काय काय होतं, यात तिची गोष्ट दुप्पट व्हायची. माझ्या शेवटात बनेश डोकं चालवायचा. तो लांबायचा आणि कुणी ऐकायचं नाही.

पुढं याला लोक फॅन फिक्शन म्हणणार आहेत, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थोडा रुबाब केला असता.

ज्यांचं बालपण दुसऱ्या मुलुखात गेलं त्यांच्यासाठी ओळख करून देतो. बनेश ऊर्फ फास्टर फेणे, मूळ गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन. अंगकाठी म्हणावी तर नुसतीच काठी. वाहन सायकल. दोस्त सुभाष देसाई आणि शरद शास्त्री. डोक्यात काही चमकलं की जीभ टाळूला लावून 'ट्टॉक्' असा आवाज काढायची खोड. हे सगळं भा. रा. भागवतांचं (१९१०–२००१) देणं. बनेशची वीसेक पुस्तकं त्यांनी लिहिली. त्यात तो प्रतापगडावर गेला, जंगलात गेला, चक्रीवादळात सापडला, विमानचोरांच्या मागे लागला, काश्मीरला तर त्याच्या खेपा झाल्या. शाळेतून मात्र तो कधी बाहेर पडला नाही. इतक्या गैरहजेरीवर आमच्या हेडमास्तरांनी त्याला दहावीच्या फॉर्मवर सहीसुद्धा दिली नसती.

तर हा बनेश माझ्या आयुष्यातून कधी गेला, ते मला सांगता येणार नाही. कुणी निरोप समारंभ करत नाही. दहावी, मग नाशिकला कॉलेज, मग गिरणीतच वडिलांची गादी. हातात पुस्तकाऐवजी आवकजावकीची वही आली आणि तिच्यातली रहस्यं वेगळी होती. मध्ये एकदा, १९८७ मध्ये, दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात तो भेटला. पण आमचा अँटेना मुंबईच्या दिशेनं वळवला की वारा तो परत कळसूबाईकडे वळवायचा, आणि पडद्यावर बनेशच्या जागी मुंग्या दिसायच्या.

दोन-तीन दिवाळ्यांमागे पुण्याहून भाची आली होती. इंजिनिअरिंगला आहे, हॅरी पॉटरवर जगभरच्या पोरींनी लिहिलेल्या गोष्टी रात्र रात्र वाचते, मूळ सात पुस्तकांपेक्षा त्या जास्त झाल्यात म्हणते. फराळ करता करता मला म्हणाली, "मामा, तुमच्या त्या टॉक-टॉक मुलावरपण लोकांनी लिहिलंय नेटवर."

"टॉक नाही. ट्टॉक्."

"तेच ते."

"तेच नाही ते," मी म्हणालो. चकली खाली ठेवून म्हणालो, यावरून विषयाचं गांभीर्य ओळखावं.

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि त्या रात्री मी झोपलो नाही. आमच्या हिला जाग आली तेव्हा मी अंथरुणात बसून पडद्यावर बोट फिरवत होतो.

"काय झालं? कुणाचा फोन?"

"फेणे तळघरात अडकलाय."

"कोण फेणे? भाताचे पैसे राहिलेत का त्यांचे?"

मी समजावून सांगायला गेलो. ती कूस बदलून झोपली. पन्नाशी उलटलेल्या माणसानं एका न वाढणाऱ्या पोरासाठी रात्री जागावं, याचं समर्थन मलाही नीट करता आलं नसतं.

मला मौज वाटली ती या हौशी लेखकांच्या अडचणींची. भागवतांना जी अडचण कधी आली नाही ती यांच्यापुढे पहिल्याच पानावर उभी असते : मोबाइल. मूळ गोष्टींत बनेश कोंडला गेला की कोंडला गेला. त्याला निरोप पाठवायचा तर चिठ्ठी, कबुतर, खिडकीतून फेकलेला बूट. आता कोंडल्यावर पोरगा खिशातून फोन काढेल, ठिकाण पाठवेल, आणि तिसऱ्या परिच्छेदात पोलीस येऊन गोष्ट संपेल. म्हणून प्रत्येक लेखक आधी तो फोन मारतो. कुणी तो विहिरीत पाडतो, कुणी बॅटरी संपवतो, कुणी आईकडून जप्त करवतो. चोर पकडायला लागत नाही एवढी अक्कल त्या फोनची विल्हेवाट लावायला लागते. काही हुशार मंडळी सरळ काळच मागे नेतात आणि गोष्ट १९७० साली ठेवतात. मला हे लोक आवडले. जुन्या पुण्याच्या ओसाड रस्त्यांवर ते बनेशला सायकल मनसोक्त हाणू देतात.

तसं पाहिलं तर या मंडळींनी आमच्याकडे यायला हवं. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिन लागतं, गाडी घाट चढू लागते, बोगदे सुरू होतात आणि सगळ्या डब्यातल्या लोकांचं "हॅलो, हॅलो" एकदम सुरू होऊन एकदम थांबतं. "घाटात होतो" ही आमच्या भागातली सर्वमान्य सबब आहे. तिच्यावर सावकारही वाद घालत नाही. घाट ओलांडून या बाजूला आलात तरी भावली, वैतरणा, कुलंगच्या पायथ्याच्या वाड्या, या सगळ्या ठिकाणी फोन हातात धरून माणूस छपरावर चढलेला दिसेल. साहसकथेला लागणारं नैसर्गिक वातावरण महाराष्ट्रात आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, आणि त्यातलं बरंचसं आमच्या तालुक्यात आहे.

दुसरी अडचण वयाची. बनेशला वाढवायचा की नाही? काहींनी वाढवला. त्यांच्या गोष्टींत तो नोकरी करतो, पोट सुटलंय, सायकल बाल्कनीत लटकवून ठेवलीय, आणि जुना चोर तुरुंगातून सुटून त्याला भेटायला येतो. वाचताना गंमत वाटते, पण मनात कुठंतरी चुकचुकतं. गुडघे दुखायला मी आहे की. बनेशचेही दुखायला लागले तर मी वाचू कशासाठी? काहींनी तर त्याला मन दिलं. म्हणजे लहानपणी काहीतरी झालं म्हणून तो असा धावतो, रात्री त्याला झोप लागत नाही वगैरे. हे माझ्या पचनी पडलं नाही. भागवतांनी त्या पोराला सायकल दिली होती, कुतूहल दिलं होतं, वेळेवर भूक दिली होती. एवढ्या सामानावर त्यानं वीस पुस्तकं काढली. त्याला आणखी मनाचं ओझं कशाला?

बनेशची बहीण माली हिच्या गोष्टी मात्र मला मूळ गोष्टींइतक्या आवडल्या, थोड्या जास्तच म्हणा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे साहसाची वेळ आली की पोरं बाहेर आणि पोरी घरात. हल्लीच्या लेखिकांनी मालीला बाहेर काढलं. बनेश चुकीच्या दिशेनं सुसाट निघतो आणि ती घरात बसून, वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात वाचून, त्याच्या आधी मुक्कामाला पोचते, अशी एक गोष्ट वाचून मी गिरणीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीला छापून दिली. तिनं ती वाचून दुसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊ, पुढचा भाग कुठाय?" मूळ पुस्तकं तिनं कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. तिच्या लेखी फास्टर फेणे म्हणजे मालीचा कोणीतरी सायकलवाला भाऊ.

इथं आमचे एक जुने मास्तर नाराज झाले. रोज संध्याकाळी ते गिरणीच्या ओट्यावर येतात. म्हणाले, "दुसऱ्यानं नांगरलेल्या रानात पेरायचं, आणि वर माझं पीक म्हणून मिरवायचं. शोभतं का? स्वतःचा एक पोरगा निर्माण करा म्हणावं."

मास्तर कीर्तनाला न चुकता जातात, म्हणून मी त्यांना गावबाची आठवण करून दिली. नाथांच्या घरी पैठणला रोज पुरणपोळी मिळते म्हणून आईनं आणून सोडलेला हा पोरगा. लोक त्याला पुरणपोळ्याच म्हणायचे. एकनाथमहाराजांचं भावार्थ रामायण युद्धकांडातच राहिलं आणि ते पुरं करायची आज्ञा, अशी परंपरा सांगते, पंडितांना न होता या गावबाला झाली. त्यानं ते पुरं केलं. नाथ कुठं थांबले आणि गावबा कुठं सुरू झाला, ते माहीत नसलेल्याला वाचताना कळत नाही, असं जाणकार म्हणतात. शेवटचा फर्मा हरवलेलं पुस्तक पोरानं पुरं करायचं, ही प्रथा आमच्या थप्पीवर सुरू झालेली नाही. आणि मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात, ती वाल्मीकींना विचारून रचली होती काय?

मास्तर म्हणाले, "ते रामायण आहे."

मग मी टाकेद काढलं. घोटीहून तासाभराच्या आत सर्वतीर्थ टाकेदला पोचता येतं. रावणानं पंख छाटले तेव्हा जटायू तिथं पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी सगळ्या तीर्थांचं पाणी एका जागी काढलं, म्हणून सर्वतीर्थ. आमची त्याच्यावर पूर्ण श्रद्धा आहे. पण आंध्रातल्या लेपाक्षीला विचारा, जटायू तिथं पडला. केरळात चडयमंगलमला विचारा, तिथं पडला. त्यांनी तर डोंगरावर त्याचा अवाढव्य पुतळा उभा केलाय. एकच पक्षी तीन राज्यांत पडतो, याचा हिशेब मांडून दाखवायला मी दिवाणजी म्हणून असमर्थ आहे. पण त्यामागची भावना मला कळते. गोष्ट इतकी आवडली की ती आपल्या शिवारात घडली असली पाहिजे, यापलीकडे माणसाला दुसरं काही सुचत नाही. सीतेनं इथं स्वयंपाक केला, भीमानं ही शिळा फेकली, पांडव या गुहेत राहिले. महाराष्ट्रात ज्या गावाला असं एखादं प्रकरण जोडलेलं नाही, ते गाव बहुधा धरण झाल्यावर वसलेलं असणार.

मास्तर यावर काही बोलले नाहीत. चहा मागवला, त्याअर्थी निम्मं पटलं असावं.

दूरदेशी लेखकांचा मात्र या बाबतीत संताप व्हायचा. सर्व्हांतेसनं डॉन किहोतेचा पहिला भाग १६०५ साली काढला. दुसरा यायच्या आत, १६१४ साली, अवेयानेदा नाव घेऊन कुणीतरी आपलाच दुसरा भाग छापला. सर्व्हांतेस इतका चिडला की १६१५च्या आपल्या अस्सल दुसऱ्या भागात त्यानं खुद्द डॉन किहोतेच्या हातात ते नकली पुस्तक दिलं आणि त्याच्याकडूनच त्याची हजेरी घेतली. नकली किहोते सारागोसाला गेला होता, म्हणून अस्सल किहोते ठरलेला बेत मोडून बार्सिलोनाला गेला. ही चिडसुद्धा फळाला आली, कारण तो दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस मानणारे पुष्कळ आहेत. उलट कॉनन डॉइलनं १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून सुटकेचा श्वास टाकला, तर वाचकांनी त्याला जगू दिलं नाही. १९०३ साली होम्सला धबधब्यातून वर काढावं लागलं. लेखकाला वाटतं पात्र आपलं आहे. हे फक्त तेवढ्यापुरतं खरं, जेवढ्यापुरतं वडिलांना वाटतं मुलगा आपल्याकडे आहे आणि पोती मोजतोय.

भागवतांना हा उद्योग कसा वाटला असता, याबद्दल मी माझ्यापुरता निर्धास्त आहे. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या एकामागून एक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हातात दिल्या. दुसऱ्याच्या गोष्टीत रमायचं आणि ती आपल्या पोरांना आपल्या भाषेत सांगायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. पुस्तकं खाऊन डोकं चालवणारा बिपिन बुकलवार त्यांनीच निर्माण केला. आणि फेणेच्या गोष्टींत ते स्वतःच हजर असतात : बनेश काहीतरी पराक्रम करतो, येऊन भागवतांना सांगतो, भागवत ते लिहून काढतात. म्हणजे मालकी हक्क त्यांनी पहिल्यापासूनच पोराकडे ठेवला होता. ते स्वतः नुसते दिवाणजी.

२०१७ साली 'फास्टर फेणे' सिनेमा आला, तेव्हा ही गोष्ट त्या मंडळींनी बरोबर पकडली. आदित्य सरपोतदारांनी केलेल्या त्या सिनेमात अमेय वाघ हा मोठा झालेला बनेश, आणि त्याचे म्हातारे भा. रा. झालेत दिलीप प्रभावळकर. बनेश परीक्षेसाठी पुण्याला येतो आणि पेपरच्या भानगडीत पडतो. भागवतांनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. काळ नवा, वय नवं, गुन्हा नवा. उचललाय तो फक्त पोरगा आणि त्याची खोड. याला काय म्हणायचं? तिकीट लावून दाखवलेली फॅन फिक्शनच ती. पैसे घातले म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. प्रभावळकरांची तर मला कमाल वाटते. दूरदर्शनवर चि. वि. जोशींचा चिमणराव तेच, बोक्या सातबंडेचे जन्मदाते तेच, आणि वर फेणेच्या भागवतांचं सोंगही त्यांनीच घेतलं. आमच्या पिढीच्या पुस्तकांच्या कपाटात हा माणूस मुक्कामालाच होता.

या गोष्टी पारखायची माझी पद्धत अगदी सोपी झाली आहे. मी 'ट्टॉक्' मोजतो. ज्याला बनेश माहीत नाही पण माहीत असल्याचं दाखवायचंय, तो परिच्छेदाआड ट्टॉक् घालतो. पोरगा नाही, घोडा चाललाय असं वाटतं. ज्याला खरोखर माहीत आहे तो जपून वापरतो. चोर ओळखल्यावर एकदा, आणि एकदा अशा वेळी की वाचकालाही तेव्हाच उमगावं. बरोबर जागी पडलेला ट्टॉक् वाचला की माझी जीभ आपोआप टाळूला लागते. बँकेच्या रांगेत हे एकदा झालं. पुढच्या बाईंनी वळून बघितलं. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि खुलासा करण्यासारखा नव्हता.

शेवटी व्हायचं तेच झालं. मीही एक लिहिली. बनेश घोटीला येतो. कशासाठी? इंद्रायणीसाठी. आमच्या भागातला इंद्रायणी तांदूळ शिजायला लागला की गल्लीला कळतं. तर पुण्याच्या मामींनी मागवलेल्या इंद्रायणीच्या कट्ट्यात वास नाही, दाणा निराळा, आणि शिवण मात्र गिरणीचीच. कट्टे वाटेत कुठं बदलले जातात, हे रहस्य. बनेश रात्री गिरणीत लपतो तो तुसाच्या ढिगात. ही जागा मी विचार करून निवडली, कारण या ढिगाची मला जन्मापासून ओळख आहे. लांबून तो मऊ सोनेरी दिसतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो आणि वरून घरंगळून येऊन झाकून टाकतो. लपायला यासारखी जागा नाही. पण तूस एकदा सदऱ्याच्या कॉलरीतून आत गेलं की माणूस कबुलीजबाब देतो. प्रत्येक तुसाला कुसळासारखी धार असते. दोन आंघोळी झाल्या तरी मानेवर चावत राहतं. बनेश तिथं श्वास रोखून बसलाय, चोर हातभर अंतरावर कट्टे मोजतोय, आणि बनेशला खाजवायचं आहे. हा प्रसंग मी तीन पानं लिहिला. माझ्या मते बरा साधला होता.

मग पाठलाग. इथं घोळ झाला. चोर कट्टे टेम्पोत घालून सुसाट समृद्धी महामार्गाला लागला. नागपूरपासून ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला, मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा. महाराष्ट्रातला सगळ्यात वेगवान रस्ता आमच्या दारात, आणि त्याच्यावर दुचाकीला बंदी! सायकलीचा तर प्रश्नच येत नाही. ज्याच्या नावातच फास्टर आहे, त्याला नाक्यावरचा माणूस परत पाठवणार. मी दोन दिवस विचार केला. कायदा मोडून बनेशला आत घालणं मनाला पटेना. तो असा पोरगा नव्हे. मग त्याला जुन्या कसारा घाटानं उतरवला. टेम्पो तिकडे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून दहा मिनिटांत पार, आणि आमचा हिरो वळणावळणावर ब्रेक दाबतोय.

भाचीला पाठवली. तिचा निरोप आला : "मामा, भात छान झालाय. पण चोर सुटला ना!"

मी गप्प बसलो. मग आमच्या त्या जुन्या, 'तेवढ्यात ट्रक येतो'वाल्या सोबत्याला फोन लावला. तो आता स्वतःचे दोन ट्रक बाळगून आहे. अडचण सांगितली. तो जराही थांबला नाही. म्हणाला, "अरे, बोगद्याच्या तोंडाशी ट्रक बंद पाडायचा. आमचा नेहमी पडतो." पाडला. चोर अडकला, बनेश पोचला, गोष्ट बसली. आणि ट्रकमधून माली उतरली, हा बदल मी माझ्या अकलेनं केला.

आता ही गोष्ट छापायची का, असं काहीजण विचारतात. तिथं मी थांबतो, कारण हिशेबाच्या बाबतीत मी वडिलांचा मुलगा आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. आधी तो पन्नास होता. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची पन्नास वर्षं १९९१ अखेर संपत आली तेव्हा तो सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवला गेला. त्या दहा वर्षांत आमचा गोट्याही कुलपात राहिला. गोट्याचे लेखक ना. धों. ताम्हनकर १९६१ साली गेले, म्हणून १ जानेवारी २०२२पासून गोट्या मोकळा आहे. चि. वि. जोशी १९६३ साली गेले, तेव्हा चिमणरावही २०२४ उजाडल्यापासून मोकळे. या दोघांवर कुणीही लिहावं, छापावं, विकावंसुद्धा. कुणाच्या परवानगीची गरज नाही. गोट्याला घेऊन अजून कोणी फारसं काही केलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि ही लाजेची गोष्ट आहे. फेणे मात्र २०६१ संपेपर्यंत भागवतांच्या वारसांचा आहे. तोवर त्याच्यावर लिहायचं असेल तर हौसेनं लिहा, ओळखीच्यांना वाचायला द्या, पण पैसे घेऊ नका. आणि आधी मूळ पुस्तकं विकत घ्या. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनानं ती काढलेली आहेत.